गाडी उचलली की शाफ्ट का थरथरतो: क्रॉसच्या कोनाची पार्श्वभूमी

जीप किंवा जिप्सी चार इंच उचलली, मोठे टायर चढवले, आणि ताशी ७०-८० किलोमीटरला सीटखाली गुणगुण सुरू झाली, की पहिला संशय टायरवर जातो. टायर बॅलन्स करून आणले तरी गुणगुण तशीच. दोष बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची गती एक्सलपर्यंत नेणाऱ्या नळीच्या, दोन टोकांच्या क्रॉसमध्ये (दोन दांड्यांना कोनात जोडणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये) असतो. क्रॉस झिजलेला नसतो, त्याचा कोन बिघडलेला असतो. आणि या कोनाचं गणित मोटारगाडीहून दोनशे वर्षांनी जुनं आहे.

इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं १६७६ साली सूर्य पाहण्याच्या उपकरणांवर जे लिहून छापलं, त्यात या जोडाचं वर्णन आहे. एक दांडा एकसारखा फिरवला, तरी कोनात जोडलेला दुसरा दांडा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. छायायंत्राच्या सावलीचा वेगही असाच कमीजास्त होतो, म्हणून त्याला हा दोष उपयोगाचाच वाटला! पुढे त्यानंच तोडही सुचवली: दोन जोड असे बसवायचे, की पहिल्याची चूक दुसरा पुसून टाकेल.

चूक किती, ते कोनावर. ३ अंशांना वेग जेमतेम ०.१४ टक्के वर-खाली होतो, १२ अंशांना सुमारे २.२ टक्के, २० अंशांना सहा टक्के. कोन दुप्पट झाला की चूक जवळजवळ चौपट होते.

सुरुवातीच्या मोटारी साखळीवर चालत. लुई रेनॉनं १८९८ मध्ये मागच्या एक्सलला शाफ्टनं गती दिली. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरला १९०३ मध्ये क्रॉसचं पेटंट मिळालं. तेव्हापासूनचा नियम असा: दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असेल, तर गिअरबॉक्सचा निघणारा दांडा आणि डिफरेन्शिअलचा पिनियन (एक्सलमध्ये गती आत घेणारा दातेरी दांडा) समांतर हवेत, फरक एक अंशाच्या आत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योकही (क्रॉस धरणारे चिमटेही) एका रेषेत हवेत. स्प्लाइन (शाफ्टचे दोन भाग एकात एक सरकवणारे दाते) एक दात चुकवून बसवली की कोन कितीही अचूक लावा, थरथर राहणारच.

लांब गाडीत हे सहज जमतं. १९४१ च्या विलीज जीपचा व्हीलबेस मात्र फक्त ८० इंच. महिंद्रनं १९४७ पासून मुंबईत जीप जोडायला घेतल्या, आणि पुढे आपल्याकडे बनलेल्या सीजे-३बीचाही व्हीलबेस तेवढाच. शाफ्ट आखूड असला की कोन भराभर वाढतो. एक मीटर शाफ्टचं टोक १० सेंटिमीटर खाली गेलं तर कोनात ५.७ अंशांची भर पडते, अर्ध्या मीटरच्या शाफ्टला ११.५ अंशांची. म्हणून एकच लिफ्ट किट एका गाडीत निमूट चालतं आणि दुसरीत दात वाजवतं.

समजा ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची गती पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणाऱ्या पेटीचा) दांडा मागे ४ अंश उतरता आहे, शाफ्ट १६ अंश, आणि पिनियनही ४ अंशांवर समांतर. दोन्ही क्रॉस १२-१२ अंशांत काम करतात. पिनियनपर्यंत गती एकसारखी पोचते, पण मधली नळी स्वतः दर फेऱ्याला दोनदा झटके खातच राहते. २९ इंची टायर आणि ४.१ चा एक्सल रेशो असेल, तर ताशी ८० ला शाफ्ट सेकंदाला ३९ फेरे घेतो, म्हणजे झटके ७८-७९. समांतर लावूनही गुणगुण का राहते, ते इथे कळतं. रोजच्या वेगाला कोन ३ अंशांपर्यंत असावा. शून्यही नको. क्रॉसच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या सुया फिरल्या नाहीत तर त्यांच्या टोपीत (कपात) खड्डे पाडतात.

१९९७ च्या जीप रँग्लर टीजेनं हे दुखणं घरोघरी नेलं. तिच्या एनपी२३१ ट्रान्सफर केसची मागची शेपटी लांब, योक आत-बाहेर सरकणारा, त्यामुळे शाफ्टला लांबीच उरत नव्हती. उपाय निघाला तो शेपटी कापून पक्का योक बसवण्याचा, आणि वरच्या टोकाला दोन क्रॉस पाठीला पाठ लावलेला जोडक्रॉस घालण्याचा. जोडक्रॉस आपली चूक आपणच पुसतो, म्हणून इथे नियम उलटतो: पिनियन समांतर नको, थेट शाफ्टच्या रेषेत हवा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर पिनियन वर उचलतो, म्हणून उभ्या गाडीत तो १ ते २ अंश खाली ठेवायचा. उचललेल्या कित्येक गाड्या केवळ एका शाफ्टचा नियम दुसऱ्याला लावल्यामुळे थरथरतात.

ट्रान्सफर केस इंचभर खाली घेणं स्वस्त पडतं, पण पोटाखालची जागा जाते आणि रेडिएटरचा पंखा त्याच्या भोवतालच्या आवरणाला (श्राउडला) घासू शकतो. पाटे असलेल्या गाडीत पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये घालायची पाचर बरी, ॲल्युमिनियमपेक्षा पोलादी. मागचा पिनियन वर करायचा असेल आणि पाटा एक्सलच्या वर असेल, तर पाचरीची जाड बाजू मागे. पाटा खाली असेल तर पुढे. जिप्सीत पाटे एक्सलखालून वर आणताना एक्सलवर पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. त्या आधी नुसते टाके मारून धरायच्या, गाडी चाकांवर पूर्ण वजनानं उभी करायची, कोन मोजायचा, मगच पक्कं वेल्ड. जॅकवर लटकत्या एक्सलवर घेतलेलं माप फुकट. पुढच्या एक्सलचा पिनियन वर केला की कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टीअरिंग भटकतं. तिथे दोन्ही हवं असेल तर एक्सलच्या टोकांचे, चाकं धरणारे नकल कापून फिरवण्यावाचून गत्यंतर नाही.

२००७ च्या रँग्लर जेकेमध्ये कंपनीनंच शाफ्टला र्झेप्पा जोड दिले. यात गोळ्यांमुळे वेग एकसारखाच राहतो, हूकची चूक मुळातच नाही. पण तीन-चार इंच उचलल्यावर जोडावरचं रबरी बूट ताणून घासतं आणि फाटतं, ग्रीस उडून जातं. मग गुणगुण होत नाही, जोड कोरडा पडतो आणि थेट तुटतो.