सुई टोचल्याने स्तनाचा कॅन्सर पसरत नाही

‘गाठीला सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो’ या भीतीने कितीतरी जणी बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) टाळतात. हा समज चुकीचा आहे. सुईच्या वाटेत काही पेशी सरकू शकतात, पण बहुतेक तिथेच मरतात.

कोअर बायोप्सीत जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत, साधारण 14 गेज जाडीच्या सुईने गाठीचे काही बारीक तुकडे घेतात. नंतर जागा काही मिनिटे दाबून धरायची. काळेनिळे झाले तरी ते ओसरते.

खरे नुकसान होते ते निदानाआधीच गाठ कापल्याने. कडेला कॅन्सर उरला, तर पुन्हा शस्त्रक्रिया! शिवाय बायोप्सीच्या तुकड्यांतून ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सरच्या पेशींतील प्रथिने) आहेत का हे कळल्यावरच आधी केमोथेरपी की शस्त्रक्रिया, हे नीट ठरते. तुकडे निर्दोष, पण मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) संशयास्पद असेल, तर बायोप्सी पुन्हा करावी लागते.