‘गिव्ह अप’: किल्ले सोडण्यापासून सिगारेट सोडण्यापर्यंत

1139 साली इंग्लंडचा राजा स्टीफन याने ऑक्सफर्डच्या दरबारात सॅल्सबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि चॅन्सेलर (राजाच्या कारभारातला वरिष्ठ अधिकारी) रॉजर यांना पकडले आणि आपापले किल्ले ताब्यात देईपर्यंत कैदेत ठेवले. पीटरबरोच्या मठातील बखरीत ही हकिकत 1137 च्या नोंदीत येते, कारण त्या एकाच नोंदीत पुढच्या वर्षांच्या घटनाही गोळा केल्या आहेत. बखरीचा हा भाग 1154 च्या सुमारास लिहिला गेला. त्यांनी किल्ले दिले हे सांगताना लेखनिकाने ‘याव्हेन अप’ असे शब्द योजले. आजच्या इंग्रजी ‘गेव्ह अप’चे, म्हणजे ‘गिव्ह अप’च्या भूतकाळाचे, हे अगदी सुरुवातीचे लेखी रूप आहे. या क्रियापदाचा मूळ अर्थ त्यात स्पष्ट दिसतो: आपल्या ताब्यातली वस्तू दुसऱ्याच्या, बहुधा वरचढ माणसाच्या, हवाली करणे. प्रयत्न सोडणे, सवय सोडणे, आशा सोडणे हे अर्थ त्यातूनच पुढे वाढले.

त्याआधीच्या जुन्या इंग्रजीत अर्थ बदलण्यासाठी क्रियापदाच्या आधी बहुधा उपसर्ग लावत. संस्कृतात ‘त्याग’पासून ‘परित्याग’ होतो, तशीच ही रीत. ‘देणे’ या धातूला असा उपसर्ग जोडून ‘सोडून देणे’ या अर्थाचे एक क्रियापद तयार झालेले होते. पुढे हे उपसर्ग क्षीण झाले आणि त्यांचे काम क्रियापदानंतर येणारे ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ हे छोटे शब्द करू लागले. या बदलाला उत्तरेकडून येऊन इंग्लंडात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेनेही बळ दिले असावे. त्यांच्याकडे ‘देणे’ आणि ‘अप’ यांची नेमकी हीच जोडी होती, आणि आजच्या आइसलँडिकमध्येही तिचे एक रूप ‘हार मानणे’ या अर्थाने चालते. पीटरबरो याच वसाहतींच्या पट्ट्यात येते. ‘गिव्ह’मधला कठोर ‘ग’ हीसुद्धा त्याच भाषेची देणगी आहे. जुना इंग्रजी उच्चार ‘य’ने सुरू होई, आणि बखरीतल्या ‘याव्हेन’मध्ये तो अजून टिकून आहे.

1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर राज्यकारभार आणि न्यायदान फ्रेंच व लॅटिनमधून चालू लागले. ‘सरेंडर’, ‘रिझाइन’, ‘रिनाउन्स’, ‘अबँडन’, ‘क्विट’, ‘रिलिंक्विश’ हे ‘सोडणे’च्या अर्थाचे शब्द त्या वाटेने इंग्रजीत आले. घरात, शेतात, बाजारात ‘गिव्ह अप’ राहिले. दस्तऐवजात नवे शब्द बसले. समानार्थी शब्दांची यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याचा घोटाळा इथेच होतो. यादीत सगळे शब्द एका ओळीत असतात, पण प्रत्येकाचे कर्म ठरलेले असते. म्हणून शब्द निवडण्याआधी काय सोडले जात आहे, हे पाहावे.

नोकरी किंवा पद रीतसर सोडायचे असेल तर ‘रिझाइन’. राजीनाम्याच्या पत्रात ‘गिव्ह अप’ लिहिले तर अर्थ कळतो, पण पत्र सैल वाटते. परवाना, पासपोर्ट, विमा पॉलिसी परत करणे म्हणजे ‘सरेंडर’. विम्याची ‘सरेंडर व्हॅल्यू’ आपल्या ओळखीची आहेच. भाडेपट्टाही ‘सरेंडर’ होतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 111 मध्ये त्याची फोड करताना ‘यील्ड्स अप’ (ताब्यात देतो) असे शब्द आहेत. म्हणजे फ्रेंच वळणाची संज्ञा समजावून सांगायला कायद्यालाही ‘अप’ जोडलेले मूळ इंग्रजी क्रियापद घ्यावे लागले. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा सोडण्यासाठी ‘रिलिंक्विश’ चालते. आपल्याकडच्या हक्कसोडपत्राचा हाच मामला. नागरिकत्व, सिंहासन, संन्याशाचा संसार यांना ‘रिनाउन्स’ लागते. इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड याने 10 डिसेंबर 1936 रोजी सही केलेल्या राजत्यागाच्या पत्रात हाच शब्द आहे. दुसऱ्या दिवशी रेडिओवर बोलताना मात्र तो ‘क्विट’कडे आणि ‘ले डाउन’कडेही (खाली ठेवणे) वळला. ‘अबँडन’मध्ये वाऱ्यावर सोडण्याची छटा असते: बुडते जहाज, रस्त्यातली बेवारस गाडी, तान्हे मूल. मानाने खुर्ची सोडणाऱ्या माणसाला तो शब्द लावू नये.

‘क्विट’ जपून वापरावे. ‘क्विट स्मोकिंग’ म्हणजे धूम्रपान सोडणे, तिथे ते ‘गिव्ह अप’च्या जागी बसते. पण 8 ऑगस्ट 1942 ला मुंबईत काँग्रेसने मंजूर केलेल्या ठरावाशी जोडलेल्या ‘क्विट इंडिया’मध्ये अर्थ ‘जागा सोडून निघून जा’ असा आहे. तिथे ‘गिव्ह अप’ घातले, तर निघून जाण्याची आज्ञा हरवते आणि ‘भारतावरचा दावा सोडा’ एवढेच उरते.

1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये येशूच्या मृत्यूचे वर्णन ‘गेव्ह अप द घोस्ट’ असे आहे, म्हणजे प्राण सोडला. इथे ‘घोस्ट’ म्हणजे भूत नव्हे, आत्मा. आज मोटार किंवा मिक्सर कायमचा बंद पडला तरी इंग्रज हेच म्हणतो. कोशकार सॅम्युएल जॉन्सनने आपल्या 1755 च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले की क्रियापदानंतर छोटा शब्द लावून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते. त्याच्या उदाहरणांत ‘गिव्ह ओव्हर’, म्हणजे थांबणे, हेही आहे. अशा जोडक्रियापदांचे ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच उशिरा रुळले. लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते 1925 मध्ये छापले आणि सुचवल्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले.

आता वापरातल्या अडचणी. नाम ‘अप’च्या आधी किंवा नंतर कुठेही चालते, सर्वनाम मात्र मध्येच हवे. ‘गिव्ह अप इट’ चूक, ‘गिव्ह इट अप’ बरोबर. इंग्रजी वाक्याच्या शेवटी जोर पडतो. ‘अप’वर आघात असतो, ‘इट’ हलके असते, म्हणून हलका शब्द आत सरकतो. 27 मार्च 2015 ला सुरू झालेल्या, स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान सोडण्याच्या सरकारी मोहिमेचे ‘गिव्ह इट अप’ हे नाव लक्षात ठेवले तर हा नियम चुकणार नाही.

पुढे क्रिया आली तर ती ‘इंग’ लावून येते. ‘गिव्ह अप टू स्मोक’ असे लिहिले तर ‘धूम्रपान करण्यासाठी काहीतरी सोडा’ असा उलटाच अर्थ निघू शकतो. ‘ऑन’ जोडले की माणसावरची आशा सोडणे: आईने मुलावर ‘गेव्ह अप ऑन’ केले, म्हणजे तो सुधारेल ही आशा सोडली. ‘गेव्ह हिम अप’ म्हटले तर तिने त्याला दत्तक दिले किंवा पोलिसांच्या हवाली केले असे ऐकणारा समजू शकतो. ‘गेव्ह हिमसेल्फ अप’ म्हणजे तो स्वतःहून शरण गेला. बखरीतला हवाली करण्याचा अर्थ इथे जसाच्या तसा टिकला आहे.

‘गिव्ह इन’ वेगळे. समोरच्याचा हट्ट पुरवला, मागणी मान्य केली, तर ‘गिव्ह इन’. आपलाच प्रयत्न थांबवला तर ‘गिव्ह अप’. कोडे सुटत नसेल तर ‘गिव्ह अप’ म्हणतात. मूल चॉकलेटसाठी रडून रडून जिंकले तर आईबाप ‘गिव्ह इन’ करतात.