चौथीपर्यंतची वाट: गोव्यातील मुली आणि घरची मिळकत

मुलगी चौथी शिकली, याचे आज गोव्यात कुणाला अप्रूप वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यातील स्त्रियांची साक्षरता ८४.६६ टक्के होती. २००१ मध्ये ती ७५.३७ टक्के होती. पण या आकड्यांमागे जी मुलगी उशिरा शाळेत पोचली, ती बहुतेक वेळा गरिबाघरची होती.

पोर्तुगीज अमदानीत सरकारी प्राथमिक शाळा पोर्तुगीज भाषेतून चालत. मराठीतून शिकायचे तर गावाने स्वतःच सोय करायची. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरण्याच्या जागेत, किंवा एखाद्या सधन घराच्या ओसरीवर वर्ग भरे आणि मास्तरांचा खर्च खाऊनपिऊन सुखी असलेली घरे उचलत. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदूंवरची बंधने सैल झाली आणि मराठी शाळांनी जोर धरला. पणजीची मुष्टिफंड संस्था त्याआधीची, १९०८ ची, फोंड्याचे गोवा विद्याप्रसारक मंडळ १९११ चे. ही कामे मोठीच होती, पण दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराच्या मुलीपर्यंत त्यांचा हात क्वचितच पोचला.

मुंडकाराचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत. मालकाने हाक मारली की घरातली मोठी माणसे कामाला जात आणि मागे घर सांभाळायला थोरली मुलगी राही. विहिरीचे पाणी, धाकटा भाऊ कडेवर, पावसाळ्यात तरव्याची लावणी. काजूच्या हंगामात पहाटे उठून बोंडू वेचायचे, पिरगळून बिया सोडवायच्या. हा हंगाम मार्च ते मे, म्हणजे नेमका वार्षिक परीक्षेवर येणारा. फी माफ असली तरी तिच्या हातांचे काम कोण करणार, हा प्रश्न उरतच होता.

मुक्तीनंतर, डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. वाड्यावाड्यांवर सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातल्या बहुतेक मराठी. या शाळांचे श्रेय सगळेच देतात. मला मात्र कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदाही तितकाच महत्त्वाचा वाटतो. डोक्यावरचे छप्पर मालकाच्या मर्जीवर राहिले नाही, तेव्हाच गरीब आईबापांना मुलीला रोज शाळेत धाडण्याचे बळ आले.

पुढे माध्यमाचा वाद पेटला. १९९० पासून अनुदान फक्त मराठी-कोकणी प्राथमिक शाळांना मिळू लागले. २०११ मध्ये इंग्रजी शाळांनाही ते मिळाले. ज्यांना झेपते ते पालक तिकडे वळले आणि अनेक गावांत सरकारी शाळेचा पट आटला. आता तिथे बसतात त्या बऱ्याचदा बांधकामावर आलेल्या मजुरांच्या मुली.

२०१२ ची लाडली लक्ष्मी योजना मुलीला १ लाख रुपये देते, पण १८ वर्षे पूर्ण झाल्यावर. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घरी ठेवण्याचा निर्णय त्याच्या कितीतरी आधी होऊन जातो. इमारत पुरी झाली की मजुराचे बिऱ्हाड हलते आणि तिचा वर्ग अर्ध्यावर सुटतो. अशी मुलगी वर्षाच्या मध्यावर आली, हातात दाखला नसला, तरी तिला प्रवेश नाकारता येत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याने ते शाळेवर बंधनकारक केले आहे.