निरांजनवाली बाई कोणाची? चित्रकार ओळखण्यामागचं विज्ञान

हातात निरांजन, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांमधून लालसर उजेड झिरपतोय आणि साडीतली ती मुलगी. हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर नाहीतर कोणाच्या तरी हॉलमध्ये नक्की पाहिलंय. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत गणपतीत मी 'चित्रकार ओळखा' खेळ घेतो, त्यात हे चित्र स्क्रीनवर आलं की आजोबांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे एका सुरात ओरडतात, राजा रविवर्मा! आणि सगळेच्या सगळे चुकतात.

चित्र आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. सावंतवाडीचा माणूस, मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, आणि १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी हे काढलं, मॉडेल म्हणून स्वतःची मुलगीच उभी केली. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. रविवर्मा वारले १९०६ मध्ये, म्हणजे विषयच संपला. आता गंमत बघा, ही तारीख माहीत नसली तरी चित्रातच पुरावा आहे. रविवर्मांची गाजलेली चित्रं तैलरंगातली, हे जलरंगातलं. तैलरंगात उजेड दाखवायचा तर वरून पांढरा रंग चढवता येतो, पण शुद्ध जलरंगात पांढरा म्हणजे कागदच, तो आधीपासून कोरा ठेवावा लागतो, एकदा हात फिरला की मागे येणं कठीण. बोटांचा लालसर रंगही उगाच दिलेला नाहीये हां. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश जास्त शोषतं, लाल बराचसा पार जाऊ देतं. मोबाईलच्या टॉर्चवर बोट ठेवून बघा, लगेच दिसेल.

मग सगळ्यांच्या तोंडी रविवर्माच का? कारण डोळ्यांना ट्रेनिंगच तेवढं मिळालंय. ठाण्याहून स्लो लोकल पकडली की मुलुंड, नाहूर, भांडुप करत आपण ज्या घाटकोपरला पोचतो तिथे १८९४ मध्ये रविवर्मांनी छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरात भिंतीवर लागल्या. शंभर वर्षं एकाच नावाची चित्रं बघितली की मेंदू एक सोपा नियम करून टाकतो, साडीतली सुंदर बाई आणि खरीखुरी वाटणारी कातडी म्हणजे रविवर्मा. धुरंधर, हळदणकर, त्रिंदाद या चित्रकारांची नावं मेंदूच्या यादीतच नाहीत तर उत्तरात कुठून येणार.

ही यादी कशी वाढवायची यावर एक भारी प्रयोग झालाय. २००८ मध्ये अमेरिकेत नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क या दोन मानसशास्त्रज्ञांनी १२ चित्रकार निवडले, बहुतेक फारसे कोणाला माहीत नसलेले, प्रत्येकाची ६ निसर्गचित्रं. काही चित्रकारांची सहाच्या सहा चित्रं सलग दाखवली, काहींची इतरांच्यात मिसळून. नंतर त्याच चित्रकारांची नवी, आधी न दाखवलेली चित्रं समोर ठेवून विचारलं, ओळखा कोणाचं. आपल्याला वाटेल सलग बघितलं तर स्टाईल डोक्यात पक्की बसेल, पण झालं उलटंच, मिसळून बघितलेल्या चित्रकारांची ओळख बरीच चांगली निघाली. आणि खरी मजा पुढे आहे, परीक्षा देऊन झाल्यावर त्याच लोकांना विचारलं की तुम्हाला कुठल्या पद्धतीने जास्त समजलं, तर बहुतेक जण म्हणाले सलगच बरं होतं किंवा दोन्ही सारखंच! स्वतःचे मार्क दुसरंच सांगत असताना. सलग बघताना सोपं वाटतं म्हणून शिकलोय असं वाटतं. मिसळून बघताना मात्र दर वेळी मेंदूला विचारावं लागतं की मघाशीच्या आणि या चित्रात नक्की फरक काय, आणि स्टाईल ओळखणं म्हणजे मुख्यतः हा फरकच पकडणं.

यासाठी कलेची पदवी लागते का? अजिबात नाही, चोच असली तरी पुरते. १९९५ मध्ये जपानच्या केइओ विद्यापीठात शिगेरु वातानाबे आणि सहकाऱ्यांनी कबुतरांना मोने आणि पिकासो या चित्रकारांमधला फरक शिकवला. काही कबुतरांना मोनेच्या चित्रावर चोच मारली की दाणा, काहींना पिकासोच्या. शिकल्यावर त्यांनी कधी न बघितलेली चित्रंही बरोबर ओळखली, एवढंच नाही तर मोनेवर शिकलेली त्याच्या जवळच्या शैलीतल्या सेझान-रेन्वाच्या चित्रांनाही आपलं म्हणायला लागली आणि पिकासोवाली ब्राक-मातिसच्या. चित्र उलटं टांगलं तर मोने ओळखताना गोंधळ, पिकासो मात्र उलटाही ओळखला. ज्या पक्ष्यासाठी आपण ठाण्यात बाल्कनीला जाळ्या लावतो तो इम्प्रेशनिझम (मोनेची शैली) आणि क्युबिझम (पिकासोची) वेगळं करतो, घ्या. या संशोधनाला त्याच वर्षी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं. माझ्या मते यातून एवढंच कळतं की स्टाईल ही काही हवेतली गोष्ट नाही, ती कॅनव्हासवर डोळ्यांना दिसेल अशी खरोखर असते.

पण नुसती स्टाईल बघून निर्णय देणं तज्ज्ञांनाही जड जातं. १९ व्या शतकात इटलीत ज्योव्हानी मोरेली नावाचा माणूस होता, शिक्षण डॉक्टरकीचं, शरीररचनेचा चांगला अभ्यास. तो म्हणायचा चेहरा, पोझ, भाव यांच्याकडे बघूच नका, शिष्य आणि नकला करणारे नेमकं तेच उचलतात. कान बघा, नखं बघा. चित्रकार कानाची पाळी विचार न करता, हाताच्या सवयीने काढतो, तिथे तो सापडतो. ड्रेस्डेनच्या संग्रहालयात झोपलेल्या व्हीनसचं एक चित्र कोणाची तरी नक्कल म्हणून पडून होतं, मोरेलीने सांगितलं हे ज्योर्ज्योने या जुन्या इटालियन चित्रकाराचं आहे, आणि ते मान्य झालं. अर्थात त्यातला काही भाग तित्सियान या दुसऱ्या चित्रकाराने पूर्ण केला असं आज बरेच अभ्यासक मानतात, म्हणजे एका चित्रात दोन हात. हा मुद्दा लक्षात ठेवा.

उलट बाजूचा किस्सा हान व्हान मेखेरेनचा. या डच चित्रकाराने १९३० च्या दशकात १७ व्या शतकातल्या व्हर्मेर या नावाजलेल्या डच चित्रकाराच्या नावाने चित्रं काढली. जुना कॅनव्हास घेतला, आणि जुन्या तैलरंगासारखा कडकपणा यावा म्हणून रंगात बेकेलाइटचं रसायन घालून चित्र भट्टीत भाजलं. हो तेच बेकेलाइट, जुन्या इलेक्ट्रिक स्विचांचं. ऐंशी पार केलेले ब्रेडियस नावाचे मोठे तज्ज्ञ फसले, १९३७ मध्ये रॉटरडॅमच्या संग्रहालयाने त्याचं येशूच्या भोजनाचं चित्र विकत घेतलं. पुढे त्याचंच एक 'व्हर्मेर' हिटलरचा सहकारी गोरिंग याच्याकडे सापडलं, तेव्हा १९४५ मध्ये राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकला म्हणून याला अटक झाली, आणि सुटायला त्याने कबूल केलं की अहो तो व्हर्मेर नाहीच, मीच काढलाय! पटेना म्हणून पहाऱ्यात बसून आणखी एक काढून दाखवलं. तरी काही लोक भोजनाचं चित्र खरंच म्हणत राहिले.

तो वाद १९६८ मध्ये बर्नार्ड काइश यांच्या मोजणीने मिटला. जुन्या चित्रकारांचा पांढरा रंग म्हणजे सफेदा, शिशाचा. शिशाच्या खनिजात थोडं रेडियम असतं आणि ते तुटत तुटत लेड-२१० हे किरणोत्सारी शिसं तयार होतं. भट्टीत शिसं गाळताना रेडियम बरंचसं मळीत निघून जातं, लेड-२१० मात्र शिशासोबतच राहतं, म्हणून ताज्या सफेद्यात लेड-२१० जास्त आणि रेडियम कमी असा असमतोल असतो. लेड-२१० चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, साधारण २२ वर्षं, रेडियमचं १,६००. तीनशे वर्षं गेली की जास्तीचं लेड-२१० संपून दोघांची किरणोत्सारिता सारखी होते. या चित्रात ती सारखी नव्हती, सफेदा नवा होता. आज तीच चित्रं बघितली तर रसायनशास्त्राचीही गरज वाटत नाही, त्यातले चेहरे १९३० च्या सिनेनटांसारखे दिसतात, पण तेव्हाच्या लोकांना ते दिसलं नाही कारण त्यांच्या आजूबाजूला तसेच चेहरे होते.

जर्मनीतला बेल्ट्राकी, हाही नकली चित्रं काढून विकणारा, तर अजून साध्या गोष्टीत अडकला. १९१४ चं म्हणून विकलेल्या चित्रात टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग सापडला, जो चित्रकारांच्या हाती १९२० च्या आसपास यायला लागला. २०११ मध्ये सहा वर्षांची शिक्षा.

आता कॉम्प्युटरही या कामाला लागलाय. नेदरलँड्समधल्या व्हान गॉग आणि क्रोलर-म्युलर या दोन म्युझियमांनी मिळून १०१ चित्रांचे स्कॅन संशोधकांना दिले होते, त्यात ब्रशचे फटकारे गणिताने मोजले. दुसऱ्याची सही गिरवताना आपला हात जसा अडखळतो तसा नकलाकाराचा ब्रश सावकाश, जपून चालतो, आणि ते बारीक थरथरणं डोळ्यांना नाही तरी आकड्यांत दिसू शकतं. मात्र कॉम्प्युटरलाही आपलाच रोग आहे, ज्याची चित्रं जास्त दाखवाल त्याचंच नाव तो जास्त घेणार.

आणि काही ठिकाणी प्रश्नच वेगळा ठेवावा लागतो. ठाण्यात पुलाखालच्या भिंतींवर वारली चित्रं रंगवलेली दिसतात ना, लग्नाच्या चौकाची ती चित्रं मुळात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढायच्या, सहीचा प्रश्नच नव्हता. डहाणूकडचे जिव्या सोमा म्हशे यांनी १९७० च्या दशकात कागदावर काढायला घेतलं तेव्हा कुठे नाव चित्राला चिकटलं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. सगळी वारली चित्रं सारखीच दिसतात म्हणणाऱ्यांनी त्यांचं मासेमारीचं जाळं नीट बघावं, बारीक रेघांनी भरलेलं, आणि मग शेजारी दुसऱ्या कोणाचं ठेवून बघावं. शेजारी ठेवलं तरच कळतं.

म्हणून या गणपतीत सलग दहा रविवर्मा दाखवायचे नाहीत असं ठरवलंय. एक रविवर्मा, एक हळदणकर, एक धुरंधर, मग परत रविवर्मा. भांडण होणार ते वेगळ्याच चित्रांवरून. रविवर्मांचे धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा स्वतः चांगले चित्रकार होते आणि बरीच वर्षं दोघांनी मिळून कामं केली, धाकट्याच्या डायरीत तसे उल्लेख आहेत. तसं चित्र आलं आणि कोणी धाकट्या भावाचं नाव घेतलं तर मी पूर्ण मार्क देणार, कमिटीला काय म्हणायचं ते म्हणू दे.