इब्री लोकांस पत्र पौलाचे आहे का?
बायबलच्या नव्या करारातले ‘इब्री लोकांस पत्र’ प्रेषित पौलाने लिहिले, असे उपदेशात सर्रास सांगितले जाते. पण पत्रात लेखकाचे नाव कुठेच नाही. पौल मात्र आपले पत्र स्वतःच्या नावाने सुरू करतो. त्याहून भक्कम पुरावा २:३ मध्ये (अध्याय २, वचन ३) आहे. तारणाची वार्ता प्रभूचे ऐकणाऱ्यांकडून आपल्यापर्यंत पोहोचली, असे हा लेखक म्हणतो. गलतीकरांस पत्रात (१:१२) पौल ठासून सांगतो, की सुवार्ता मला माणसाकडून मिळालेली नाही. हे दोन्ही उतारे वर्गात शेजारी ठेवून वाचायलाच हवेत. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाला पत्रातले विचार पौलाचे वाटले, पण पत्र कोणी लिहिले हे देवच जाणे, असे त्याने म्हटले. धर्मसुधारक ल्यूथरने नव्या करारातल्या अपुल्लोस या उपदेशकाचे नाव सुचवले. पत्राचा अधिकार याने घटत नाही. शिकवताना ‘इब्री पत्राचा लेखक म्हणतो’ एवढेच म्हणावे.