लसीमुळे इजा झाल्यास नुकसानभरपाई : इंदूरच्या कुटुंबांसाठी अर्जप्रक्रिया

अमेरिकेत लसीच्या इजेसाठी १९८६च्या कायद्याने स्वतंत्र भरपाई योजना उभी राहिली. भारतात मात्र दावेदाराला आजवर मुख्यतः सामान्य कायद्याचाच आधार घ्यावा लागला आहे. कोविड लसीनंतरच्या मृत्यूंसंबंधीच्या प्रकरणात केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयात हीच भूमिका मांडली : सरकार थेट जबाबदार नाही, पीडितांना दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. म्हणून दावा कोणत्या दारी न्यायचा, हे आधी ठरवावे लागते.

ते ठरवण्याची सुरुवात वकिलाकडे नव्हे, आरोग्य खात्यात होते. लसीनंतर गंभीर त्रास झाला, रुग्णाला दाखल करावे लागले किंवा मृत्यू ओढवला, तर ‘लसीकरणोत्तर प्रतिकूल घटना’ म्हणून त्याची नोंद जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडे (आपल्याकडील फलकांवर ‘जिला टीकाकरण अधिकारी’) ताबडतोब करवून घ्यावी आणि लेखी अर्जाच्या प्रतीवर पोच मागावी. लस खासगी दवाखान्यात घेतली असली, तरी ही नोंद होते. चौकशीनंतर तज्ज्ञ समिती कारण ठरवते : लसीचा स्वाभाविक गुणधर्म, दर्जातील दोष, देताना झालेली चूक, सुईची धास्ती, की निव्वळ योगायोग. हा निष्कर्ष न्यायालयावर बंधनकारक नसतो. पण प्रतिवादी कोण, हे त्यावरून बरेचसे कळते. दर्जात दोष असेल तर उत्पादक, देण्यात चूक असेल तर दवाखाना. सर्वांत अवघड प्रकरण पहिल्या प्रकारचे असते, कारण लसीमुळेच त्रास झाला हे समितीला मान्य असूनही तो दुर्मिळ दुष्परिणाम माहितीपत्रकात आधीच नमूद असेल, तर उत्पादकाचा दोष दाखवणे कठीण जाते. कार्यकारणभाव सिद्ध होणे म्हणजे भरपाई मिळणे नव्हे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

कागदपत्रांत लसीकरण कार्ड किंवा प्रमाणपत्र, पावती, दाखल झाल्यापासूनचे सर्व उपचारकागद, अपंगत्वाचा दाखला, खर्चाची बिले आणि मृत्यू झाला असल्यास मृत्यूचा दाखला व शवविच्छेदन अहवाल लागतो. दुःखाच्या भरात शवविच्छेदन नाकारले जाते आणि दाव्यातला मुख्य पुरावा तिथेच हातचा जातो. लसीचा बॅच क्रमांक तितकाच महत्त्वाचा आहे. खासगी बालरोगतज्ज्ञ बहुधा कुपीवरची चिकटपट्टी सोलून बाळाच्या पुस्तिकेत लावतात. सरकारी केंद्रात एका कुपीतून अनेकांना लस दिली जात असल्याने अशी पट्टी मिळत नाही, तेव्हा कार्डावरचा रकाना कोरा असल्यास माहितीच्या अधिकारात त्या दिवसाच्या नोंदवहीची प्रत मागावी. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावयाची असतात.

पैसे देऊन लस घेतली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा सोयीचा मार्ग ठरतो. ग्राहक आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर लसीसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते; त्यामुळे दावा कितीही मोठा असला, तरी तो जिल्हा आयोगातच जातो आणि किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्कही लागत नाही. तक्रारदार इंदूरला राहत असल्यास, कंपनी पुण्याची असो वा हैदराबादची, तक्रार इथे दाखल करता येते. ग्राहक तक्रारींसाठीच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही ती करता येते. मुदत २ वर्षांची आहे. उशिराला सबळ कारण द्यावे लागते. बालकाच्या वतीने पालक तक्रार करू शकतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८च्या स्प्रिंग मेडोज प्रकरणातील निकालानुसार स्वतःच्या मनस्तापाची भरपाई वेगळी मागू शकतात.

सर्वांनाच मोफत सेवा देणाऱ्या सरकारी केंद्रातली लस मात्र, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या व्ही. पी. शांता निकालानुसार, ग्राहक कायद्यात बसत नाही. तिथे दिवाणी दावाच करावा लागतो. त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०नुसार राज्य सरकारला २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. निष्काळजीपणा उघड आणि निर्विवाद असेल, तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे रिट याचिका (सरकारविरुद्ध थेट उच्च न्यायालयात दाद मागणारा अर्ज) करता येते, पण पुराव्यांवर वाद असला की न्यायालय सहसा दिवाणी दाव्याकडेच बोट दाखवते.

लस वैद्यकीय चाचणीचा (क्लिनिकल ट्रायल) भाग म्हणून टोचली असेल, तर नियम वेगळे आणि बरेच अनुकूल आहेत. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, आणि पुढच्याच वर्षी चाचणीतील इजेच्या भरपाईचे नियम आले. आता २०१९च्या नियमांनुसार चाचणीमुळे झालेल्या इजेची भरपाई प्रायोजकाने (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीने वा संस्थेने), औषधांना परवानगी देणाऱ्या केंद्रीय परवाना प्राधिकरणाच्या आदेशापासून ३० दिवसांत, द्यावयाची असते. यासाठी संमतिपत्राची प्रत जपून ठेवावी.

महिला, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. उपचार महाराष्ट्रात झाले असून काही कागद मराठीत असतील, तर त्यांचे हिंदी भाषांतर आधीच करून तक्रारीसोबत जोडावे.