वर्गात बसणे थांबवले म्हणजे विषय सुटला असे नाही

गोव्यातील महाविद्यालयांत सत्र सुरू झाले की एक समज सिनियरांकडून ज्युनियरांकडे जातो: निवडलेला विषय आवडला नाही, तर त्या तासाला जाणे बंद करावे आणि दुसऱ्या वर्गात बसू लागावे, नाव मागाहून आपोआप बदलते. तसे होत नाही. विषयाची नोंद कार्यालयात असते, आणि लेखी अर्ज मंजूर होऊन ती बदलेपर्यंत जुन्या वर्गाच्या हजेरीपटावर विद्यार्थ्याची गैरहजेरी लागत राहते. नव्या वर्गात दिलेल्या आयएसएची, म्हणजे सत्रांतर्गत चाचणीची, उत्तरपत्रिका शिक्षकांनी तपासली, तरी गुण भरायला यादीत त्याचे नावच सापडत नाही.

विषय बदलण्याची मुदत लवकर का संपते, हे श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) हिशेबातून कळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार थिअरीच्या एका श्रेयांकाला १५ तास अध्यापन लागते, म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला ६० तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात दोन आठवडे उशिरा आलेल्याचे आठ तास बुडालेले असतात. चतुर्थीची सुट्टी वेगळीच.

मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मात्र पदवीपर्यंत बदलता येत नाही, ही भीती अनाठायी आहे. २०२२ च्या त्याच आराखड्यात दुसऱ्या सत्राअखेर त्याच व्यापक विद्याशाखेतील दुसरा मेजर घेण्याची मुभा आहे. त्यासाठी रिकाम्या जागा वापरता येतात, आणि प्राधान्य मिळते ते ज्यांचे गुण सर्वाधिक आहेत व एकही विषय मागे राहिलेला नाही त्यांना.